पाळी गेल्यानंतरचा व्हिडिओ

प्रिय ताई,

आज दवाखान्यात जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. बायकांच्या दुखण्यांचे व्हिडिओ मी मोबाईलवर टाकते म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. "नर्स आहेस तर नर्ससारखी राहा, घराण्याची लाज चव्हाट्यावर मांडू नकोस," म्हणालीस.

आज एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर त्यांना पुन्हा रक्त दिसलं होतं. वयाचं असेल म्हणून त्या गप्प बसणार होत्या, पण माझा व्हिडिओ पाहून काही महिन्यांपूर्वी तपासायला आल्या. कॅन्सर अगदी सुरुवातीलाच सापडला. ऑपरेशन झालं, आणि आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता निर्धास्त राहा." बाई माझ्या गळ्यातच पडल्या.

"व्हिडिओ कुठे पाहिलात?" मी विचारलं.

"शेजारच्या वहिनींनी दाखवला. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, ही माझी धाकटी बहीण, ती उगाच काही सांगायची नाही."

ताई, हे पत्र मी पाठवणार नाही. मला कळलंय म्हटल्यावर तू संकोचून दाखवणंच बंद करशील, आणि तुझ्या गल्लीत अजून पुष्कळ बायका आहेत.

आज जमिनीवर पाय नसलेली,
तुझी धाकटी