शुक्रवारच्या खटल्याआधी

सालेपुआ,
मंगळवार, १२ ऑगस्ट

फुआतिनो बाळा,

हो गं हो, जेवतेय वेळेवर. तारोचा कंद आहे, मासा आहे, चावायला दात तेवढे शोधावे लागतात. तू आपलं बघ. आपल्या बेटांवरची पहिली वकीलबाई, पोरींच्या रग्बी संघटनेची अध्यक्ष, आणि परवा रेडिओवर बोलताना केवढ्यानं शिंकलीस! तुझे काका असते तर म्हणाले असते, "पोरीच्या शिंकेतसुद्धा दम आहे."

गावात तसं ठीक आहे. चर्चमध्ये माझ्या बाकावर हल्ली मी एकटीच, ऐसपैस बसते. मी दुकानात गेले की पाव नेमका संपलेला असतो. बरंच आहे, पोट सुटलं होतं.

तिसा अजून किनाऱ्यावर ताडपत्रीखालीच आहे. पोरींना हाफपँटीत गावच्या मैदानावर खेळवलं म्हणून पंचांनी तिला म्हाताऱ्या आईसकट गावाबाहेर काढलं, तरी पोरी तिच्याकडे वाळूत खेळायला जातातच. तिचा निरोप आहे, "ताई शुक्रवारी कोर्टात आमची केस जिंकणार, मग आम्ही घरी."

शनिवारी वाएला आला होता. पंचांच्या वतीनं बोलणारा तोच ना. मी म्हटलं, "या, बसा. दंडाचं डुक्कर न्यायला आलात की चहा प्यायला?"

हसला नाही. "वहिनी, भाचीला केस मागं घ्यायला सांगा."

"तुम्हीच सांगा की! का, बाईमाणसाला घाबरता?"

"आम्ही कशाला घाबरू? घर तुमचं लाकडाचं आहे, वहिनी."

दुपारी माणसं आली आणि घराच्या खांबांना लावून वाळलेल्या झावळ्या रचून गेली. पेटवल्या नाहीत. नुसत्या रचल्या. आपल्या घराला भिंती कुठायत, बाळा? सगळा गाव बघत होता, मी गावाकडे बघत होते. झावळ्या रचणाऱ्यांतल्या दोघांनी तुझ्या काकांच्या शवपेटीला खांदा दिला होता.

तेव्हापासून मी चूल पेटवली नाही. एक ठिणगी उडाली तर? खोबरं खाऊन राहिले. जेवतेय म्हटलं ते खोटं. अंगणात काकांची कबर आहे, त्यांना एकटं टाकून जाऊ कुठे?

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नव्हते. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुला मिळावं म्हणून.

काल सकाळी मी पेटीतली घराण्याची मऊ चटई काढली. पंचांच्या सभाघरापुढे गेले, ती डोक्यावरून ओढली आणि मान खाली घालून बसले. तुझ्या नावानं. त्याचा अर्थ तुला सांगायला नको: आमचं चुकलं, पदरात घ्या. किती तरी वेळ कुणी आलंच नाही. चटईखाली नुसता उकाडा आणि माझाच श्वास. वाटलं, आता डोक्यात दगड पडतोय. मग वाएलानं चटई उचलली, हाताला धरून आत नेलं, कोको पाजला. संध्याकाळी झावळ्या गेल्या.

शुक्रवारी तो कोर्टात हेच सांगणार. घराण्यानं गुन्हा कबूल केला, पंचांनी माफ केलं, भांडण मिटलं. तिसाला मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड नाही.

तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. तुझी केस मी बुडवली, फुआतिनो. आणि काल मला गाढ झोप लागली.

तुझी भेदरट मावशी,
लागी