वरचा बोल्ट

जालना
१९ जानेवारी २०२५

ती. रामकिसनमामांस,
दैवशालाचा सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर तुम्हाला फोनवर बोलता येत नाही आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पत्र. मी ठीक आहे. शाळेत जाते, शिकवते, घरी येते. कल्याणना जाऊन परवा दोन महिने होतील.

गाडी दारात तशीच आहे. त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी ती सुरू झाली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेजाऱ्यांनी बॅटरी चार्ज करून दिली. आता सुरू होते, पण इंजिनचा पट्टा किंचाळतो आणि बॅटरीचा लाल दिवा विझत नाही. मिस्त्रीला बोलवावंसं वाटत नाही. बॉनेट दुसऱ्या कोणी उघडायला नको. घरीच पट्टा ताणायचा तर कोणते पाने लागतील, ते लिहा. मामींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

आपली,
दैवशाला

वडीगोद्री
२५ जानेवारी २०२५

चि. दैवशालास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सवयीनं चि. सौ. लिहिलं, मंग कागद बदलला.

लहानपणी गॅरेजात आलीस की बेअरिंगच्या गोळ्या पळवायचीस, आता पाने मागून राह्यलीस. लिहून घे. दहाचा पाना बॅटरीची काळी वायर काढायला, ती आधी काढायची. अल्टरनेटर म्हंजे पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो, त्याच्या बोल्टांना बारा आणि चौदाचा रिंग पाना. उघड्या तोंडाचा घेऊ नको, सटकतो आन् बोटं सोलतात. अल्टरनेटर रेटायला लोखंडी टॉमी, म्हंजे पहार न्हाई, कुदळीचा जुना दांडा घे. लोखंडानं त्याचं अंग फुटतं.

इंजिन थंड पाहिजे, ओढणी बांधून ठेव. पट्टा आतून तडकला असंल तर ताणू नको, नवा टाक. खालचा अन् वरचा बोल्ट ढिला कर, दांड्यानं अल्टरनेटर बाहेर रेट, तसाच धरून आधी वरचा आवळ, मंग खालचा. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाब. अर्धं पेर दबला की बराबर.

एक काम कर. हात लावण्याआधी वरचा बोल्ट कसा हाय ते बघ, अन् मला लिही.

मामीचे आशीर्वाद. जीव सांभाळ.

तुझा,
रामकिसनमामा

जालना
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बारा-चौदाचे पाने जुन्या मोंढ्याजवळच्या दुकानात मिळाले. दुकानदारानं साहेबांना पाठवा म्हणून सांगितलं. मी पैसे देऊन निघाले. दांडा शेजारच्या भिवाकाकांनी दिला.

आज सकाळी केलं. पट्टा चांगला होता, तडा नव्हता. दोनदा ताणावा लागला, पहिल्यांदा एकाच हातानं रेटत होते. आता आवाज नाही, दिवाही विझला. आनंद व्हायला हवा होता. मी हात धुतले आणि सोमवारच्या वह्या तपासल्या.

तब्येत जपा. आठवण ठेवा.

आपली,
दैवशाला

वडीगोद्री
८ फेब्रुवारी २०२५

चि. दैवशालास,
अनेक आशीर्वाद.

सगळं लिहिलंस, बोल्टाचं लिहिलं न्हाईस. मंग मीच लिहितो.

दिवाळीत तुमच्याकडं आल्तो तव्हा कल्याणरावांनी पट्ट्याचा आवाज ऐकवला. मीच ताणला. ऑपरेशननंतर हात कापायचे, पण गॅरेजवाल्या मामानं न्हाई कसं म्हणावं? खालचा बोल्ट आवळल्याचं आठवतं. तेवढ्यात तू जेवायला बोलावलंस. वरचा आवळला का न्हाई, ते आठवत न्हाई. अडीच महिने तेच आठवून राह्यलोय. तुझ्या मामीलाबी सांगितलं न्हाई.

तो ढिला असंल तर पट्टा घसरला, बॅटरी उतरली, अन् त्या दिवशी गाडी माझ्यामुळं सुरू झाली न्हाई. जे असंल ते खरं लिही.

तुझा,
मामा

जालना
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
दैवशालाचा नमस्कार.

बोल्ट ढिला होता. पाना लावावा लागला नाही, बोटांनीच फिरला. तुम्ही का विचारलं होतं, ते तेव्हाच कळलं. मी तिथं फरशीवर बराच वेळ बसून होते. रडू आलं नाही, रागही आला नाही. लिहू नये असं ठरवलं होतं, पण तुम्ही विचारलंत.

आता माझंही ऐका. बॅटरीचा दिवा त्या दिवसाआधी आठवडाभर लागत होता. कल्याण म्हणाले, मिस्त्रीला दाखवून आणतो. शाळेची तपासणी होऊ दे, तोवर गाडी मला लागते, असं मी म्हणाले. दिवा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. रिक्षा यायला चाळीस मिनिटं लागली. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगता येत नाही म्हणून सांगितलं. तेवढंच आपल्या दोघांकडे आहे.

मामींना आता सांगा. एकट्यानं बाळगू नका.

रविवारी गाडी घेऊन येते, एकटीच. अंबडपर्यंत चालवून पाहिली, नीट चालते. दुपारी जेवायला थांबेन. मामींनी माझ्यासाठी तिखट कमी करू नये, मला अजून कशाची चव लागत नाही.

तुमचा माझ्यावरचा जीव होता तसाच असू द्या.

आपली,
दैवशाला