ठमीच्या हातातलं बटण

मंगळवार, ६

झालं एकदाचं ऑपरेशन! ठमीचा कणा सरळ झाला म्हणे. पण शुद्धीवर आल्यापासून पोर नुसती किंचाळतेय. नऊ वर्षांचा जीव! आणि मी, बाप, खांबासारखा उभा. सिस्टरनी तिच्या हातात एक बटण दिलंय – दाबलं की नळीतून दुखण्यावरचं औषध जातं. "फक्त तिनंच दाबायचं हं, बाबा."

बुधवार, ७

दुखणं कमी झालं तर खाज सुटली. नाक खाजवून खाजवून लालबुंद केलंय. दोनदा उलटी. डॉक्टर म्हणतात, या औषधानं होतं असं. होतं म्हणे! स्वतःच्या लेकीला झालं असतं म्हणजे कळलं असतं.

घरून बायकोचा फोन. तान्ह्याला सोडून येता येत नाही बिचारीला. "तिला दुखू देऊ नका हो." मी काय हौसेनं देतोय?

गुरुवार, ८

झोप लागली की बटण हातातून सुटतं. मग कळवळून उठते. झोपलेलं पोर बटण दाबणार कसं? एवढी साधी गोष्ट या शहाण्यांना सुचू नये! दुपारपासून मीच दाबतोय, ती कण्हायच्या आधीच. नाहीतर बाप कशाला आहे? आता कशी गाढ झोपलीय. बायकोला कळवलं, निर्धास्त राहा.

गुरुवार, संध्याकाळ

हाक मारली, उठेना. गालावर थापट्या मारल्या. ओठ निळे! श्वास – नाहीच, नाहीच, मग एक. मी बोंब ठोकली. सगळे धावले, मला बाहेर काढलं.

सिस्टर आली. "बाबा, बटण तुम्ही दाबत होतात?" मी मान डोलावली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "औषध पुरेसं झालं की मूल झोपतं. झोपलं की बटण दाबलं जात नाही. म्हणून तर तिच्याच हातात देतो." औषधावर उतारा देताहेत म्हणे. थांबा म्हणाली.

याच हातानं केलं मी. याच हातानं! बायकोचा फोन वाजतोय, उचलायची छाती होत नाही. देवा, मला ने, तिला ठेव.

गुरुवार, आत्ता

दाराआडून आवाज आला – "बाबा, दुखतंय!" केवढ्यांदा! ओरड गं माझे बाई, ओरड!