हिरव्या ब्यूकची गळती

मी, ओरिन टिस्डेल, वय एक्याऐंशी, राहणार युमा, अ‍ॅरिझोना, नोकरीची सगळी वर्षं कालव्यावर पाटकरी, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. शाळेत बाईंनी घोकून घेतलेल्या कविता अजून एकही कडवं न गाळता म्हणतो. याहून मोठा दाखला डॉक्टरकडेही नसेल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला इथे कोणी येतच नाही, एक माणूस सोडून, आणि त्याच्यासाठी पाचवं कलम आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझी बायको नेडीन हिच्या नावे होतं, पण तिने माझ्यासाठी थांबायचं नाकारलं.

१. घर आणि बँकेत असेल ते माझी मुलगी कोरीन हिला. ती मिनेसोटात राहते. घर विकायचं असेल तर खुशाल विकावं, फक्त संत्र्याच्या झाडाला हात लावू नये. त्याच्या सावलीत गाडी उभी असते.

२. ती गाडी, म्हणजे १९६८ची फिकट हिरवी ब्यूक, हीसुद्धा कोरीनलाच. ती म्हणेल, "बाबा, मिनेसोटात मी गार हवेचं काय करू?" बाळा, जुलैत दोन आठवडे इकडे ये आणि कालव्याच्या कडेने काचा लावून चालव. तुझ्या आईला ते सुख मी दिलं नाही. गाडीच्या एसीचा जुना कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा मी म्हणालो, मूळचा भाग मिळेपर्यंत दुसरा बसवणार नाही. एकोणीस उन्हाळे ती मानेवर ओला टॉवेल घेऊन शेजारी बसली. "ओरिन, तुझी गाडी अस्सल आहे," ती म्हणायची, "आणि मी उकडलेली." ती गेली त्याच्या पुढच्या वसंतात मी सगळं बदलून घेतलं. नवा हलका कॉम्प्रेसर, पुढे नवा कंडेन्सर, म्हणजे बारीक नळ्यांची दाट जाळी, नवे होज, रबराच्या नव्या कड्या, नवा गॅस. अर्ध्या मैलात काचेवर धुकं धरलं. शेजारची सीट रिकामी होती.

३. काढलेला जुना कॉम्प्रेसर ओसरीत दाराला टेकण म्हणून आहे. ओतीव लोखंड आहे, दोघांनी उचलावा. तो आमच्या जुनी मोटार मंडळाच्या परीक्षकांना द्यावा. नव्या भागांपायी त्यांनी माझे चार गुण कापले होते. आता मूळचा भाग त्यांच्याकडेच राहू दे, आणि पायावर पडला तर तोही अस्सल.

४. माझ्या कवितांची वही प्राथमिक शाळेला. नको म्हणाले तर आग्रह करू नये, पण परत आणायलाही जाऊ नये.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं म्हणतात. म्हणून वर्लिन स्टकी, माझा मित्र आणि या गावातला सर्वांत चांगला मेकॅनिक, याच्यासाठी वस्तू काहीच ठेवत नाही. एक खरी गोष्ट ठेवतो.

ब्यूकचं काम वर्लिननेच केलं. गॅसमधली ओल शोषणाऱ्या नव्या ड्रायरचं टोपण त्याने मला सगळ्यात शेवटी काढू दिलं. "आधी काढलंस तर हवेतली सगळी ओल पिऊन बसेल," तो म्हणाला, "तुझ्यासारखं, जे दिसेल ते मनाला लावून घेतं." मग व्हॅक्यूम पंप लावला. तो पाऊण तास चालतो आणि तेवढा वेळ करण्यासारखं काही नसतं. आम्ही दोन बादल्या पालथ्या घालून बसलो. मी कविता म्हटल्या. तो म्हणाला, "पंप हवा बाहेर काढतोय, तू आत भरतोयस." नेडीन गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

वर्लिन कॉफीला येत नाही. बोलावलं तर विचारतो, "काय बिघडलंय?" काहीच बिघडलं नसेल तर येत नाही.

म्हणून दर फेब्रुवारीत मी कंडेन्सरच्या होजचा नट पाव फेरा सैल करत आलो. मेपर्यंत गॅस गळून गार हवा संपायची. वर्लिन यायच्या आदल्या दिवशी मी नट घट्ट करून फडक्याने पुसून ठेवायचो. तो गॅसमध्ये चमकणारा रंग घालून, दिवा घेऊन तासभर शोधायचा. गळती सापडायची नाही. मग पंप, मग बादल्या. अशी सात वर्षं.

गेल्या मेमध्ये दिवा खाली ठेवून तो म्हणाला, "ओरिन, माझे डोळे गेले. एक भोक सापडत नाही मला. लोकांच्या गाड्यांना हात लावायची लाज वाटते." आता त्याच्या दुकानावर पाटी आहे, तीस एप्रिलला बंद. त्यानंतर तो मुलाकडे नेब्रास्काला जाणार. वर्लिन, तुझे डोळे ठीक आहेत. नट मी फिरवत होतो.

हे मी मेल्यावर वाचलं जावं, असा माझा बेत होता.

पुढचं चार दिवसांनी लिहीत आहे. सह्यांसाठी वर्लिन आणि शेजारच्या ओफेलिया बराझा यांना बोलावलं होतं. ओफेलियांनी न वाचता सही केली. वर्लिन म्हणाला, "न वाचता मी ऑइलच्या पावतीवरही सही करत नाही." पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. मग टोपी घालून निघून गेला. ओफेलिया म्हणाल्या, "तुम्ही दोघं सरळ पत्ते का नाही खेळत?"

आज सकाळी अंगणात बॉनेटचा आवाज झाला. बाहेर गेलो तर वर्लिन पाना घेऊन वाकलेला. "सात वर्षं," तो म्हणाला, "सात वर्षं मी चष्मे बदलतोय, गाढवा." नट घट्ट केला, पाना खिशात घातला, आत येऊन टेबलाशी बसला आणि पेन मागितलं. कॉफी मी न विचारताच ओतली. तो प्यायला.

हे लिहून देणार: ओरिन टिस्डेल
युमा, अ‍ॅरिझोना, १६ एप्रिल २०१९

साक्षीदार: ओफेलिया बराझा
साक्षीदार: वर्लिन स्टकी. वाचून सही केली. पाटी काढली आहे. पाना मी घेऊन जातोय. मेमध्ये येईन, काही बिघडलेलं नसलं तरी.