गँगमनच्या बायकोचं तिकीट

अल दुहैल, दोहा
६ जानेवारी २०२५

ती. बायडाअक्कांस,
राजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. ड्रायव्हर बालाजी सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे देते.

मला पासष्ट पूर्ण होतात म्हणून तुमचा भाचा संजीव मला ऑस्ट्रेलियात नेणार म्हणतो. पर्थ ते सिडनी, एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत आगगाडीने. त्या रुळांवरचं पुस्तक मिळवून वाचलं. शंभर वर्षांपूर्वी दोन्ही टोकांकडून रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या गँगा निघाल्या, उंटांवरून सामान वाहत, आणि वाळवंटात एकमेकींना भेटल्या. तुमच्या भावाची फार आठवण झाली. भुसावळच्या उन्हात रूळ टाकणाऱ्या माणसाला ही गोष्ट आवडली असती.

पण अक्का, मी जन्मात रेल्वेचं तिकीट काढलेलं नाही. आधी त्यांचा पास, मग विधवेचा. त्यावर त्यांचं नाव असतं, म्हणून एकटं वाटत नाही. इथे मुशैरिबच्या मेट्रोतही मी सवयीने पासच पुढे केला. तिथल्या मुदस्सिर नावाच्या कर्मचाऱ्याने तो दोन्ही हातांनी परत दिला. नात ईरा मात्र घरी येईपर्यंत हसत होती. त्यांच्या नावावाचून एवढं लांब जायला मन घेत नाही. संजीवला नको सांगणार आहे.

लोभ आहे तसा राहू द्या.
राजश्री

भुसावळ
२ फेब्रुवारी

चि. राजश्रीस अनेक आशीर्वाद.

माझ्या भावाने रूळ टाकले ते लोकांनी तिकीट काढून बसावं म्हणूनच ना? सगळेच तुझ्यासारखे पासवाले असते तर रेल्वे केव्हाच बुडाली असती. मुकाट्याने जा. उन्हात तिथले रूळ वाकतात का ते बघून ये. त्याने आधी तेच विचारलं असतं. वाटेत खायला दशम्या ने.

तुझी अक्का

अल दुहैल
१० फेब्रुवारी

ती. अक्कांस सा. न.

संजीवला हो म्हटलं. काल त्याने तिकीट छापून आणलं. चष्मा लावून वाचलं, तर पासपोर्टावर असतं तसं पूर्ण नाव: राजश्री निवृत्ती इंगळे. अक्का, ते तिथे आहेतच, अगदी मधोमध. मी इतका वेळ बघत बसले की संजीव घाबरला, काही चुकलं का विचारू लागला. मी म्हटलं, काही नाही, तारीख बघतेय.

दशम्या तिथल्या विमानतळावर काढून घेतात म्हणे. त्या इथेच खाऊन निघू.

पासावर जायचो तेव्हा खिडकी कायम त्यांची असायची, रूळ बघायला. या वेळी खिडकीशी मी बसणार, आणि तुमचे रूळ बघून येणार.

माया असू द्यावी.
तुमची राजश्री