घायपातीचा डिसेंबर

आपान, ४ फेब्रुवारी १९७१

चि. दुवीस,
फिदेन्सिओदादाचे अनेक आशीर्वाद.

पहाटेची ती खर्र-खर्र आठवते का गं? बाबा अंगणात घायपातीचा गाभा खरवडायचे आणि आपण अंथरुणात पडल्या पडल्या मधपाण्याची वाट बघायचो. गेल्या सोमवारी तोच आवाज कानात घेऊन उठलो. बाहेर येऊन बघतो तर बाबांनी लावलेल्या शेवटच्या घायपातीचा गाभा चोचीसारखा निमुळता झालेला. म्हणजे फुलाचा दांडा पोटात आला. रस काढणारा मकारिओ म्हणाला, आजच गाभा काढू, निदान रस आंबवून पुल्के तरी प्यायला मिळेल. मी म्हटलं, गाभा काढला तरी ती मरणार, फुलली तरी मरणार, तिसरं काही सांग. तर म्हणतो, तिसरं पाद्रीबुवांना विचारा.

नाताळात तुझ्या लेकासमोर, अबुंदिओसमोर मी नको ते बोलून बसलो ना! बाबांची घायपात उभी आहे तोवर हे घर सोडणार नाही, ती गेली की पाचूकाला तुमच्याकडे येईन. आता तिला फुलू न देणं एवढंच माझ्या हाती. म्हणून तिला अजून डिसेंबरच वाटावा अशी व्यवस्था केली आहे. ऊन कळू नये म्हणून गाभ्यावर माझी गवती टोपी घातली. बाळ येशूचा गोठा तिच्या बुडाशी तसाच ठेवला. परवा दोन तारखेला, रीतीप्रमाणे बाळाला गोठ्यातून उठवायला त्याची धर्ममाता एन्ग्रासिया नवं झबलं आणि मक्याच्या पिठाचे गरम तमाले घेऊन आली होती, मी दारच उघडलं नाही. बाळ उठलं की नाताळ संपला, हे घायपातीलाही कळतं. शिवाय रोज सकाळी तिला शाळेतली हिमवर्षावाची कविता म्हणून दाखवतो.

सर्वांना आशीर्वाद. माया आहेच, ती उन्हात ठेवू नकोस.
तुझा दादा

पाचूका, १७ फेब्रुवारी

ती. दादास,
दुवीचा सा. न. वि. वि.

दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? टोपी झाडाला दिलीस, मग तू काय घालतोस? ती कविता ऐकून अख्खा वर्ग झोपायचा, तेव्हा झाड झोपलं तर नवल नाही. पण बाळ येशूला फेब्रुवारीभर गवतात निजवून ठेवायचं म्हणजे हद्द झाली. आईने तुला उंबऱ्यात उभं केलं असतं.

इकडे ये, सुख आहे. मला आता गच्चीवरची खोली दिली आहे, पाण्याच्या टाकीशेजारी. हवा भरपूर. जिना जरा उभा आहे, त्यामुळे मी दिवसातून एकदाच उतरते. टेलिव्हिजन खाली आहे, पण आवाज वर छान येतो. कुणी रडत असलं की मालिका चालू आहे असं समजायचं. सून चांगली आहे. कामात असते. तू आलास की दुसरी खाट बसेल, टाकी थोडी सरकवली तर.

तब्येतीस जप, आणि माझ्यावरचा राग टोपीखाली झाकून ठेव.
दुवी

आपान, ९ मार्च

चि. दुवीस,
अनेक आशीर्वाद.

हरलो. दांडा आला. शतावरीच्या कोंबासारखा सरळ, रोज वीतभर वर. टोपी मात्र टाकली नाही हो त्याने! डोक्यावर घेऊनच वाढतो आहे. आता ती छपराच्या वर गेली आहे आणि रस्त्यावरून जाणारे तिला हात करतात. फिदेन्सिओ, कौलं शाकारतोस का, असं विचारतात. उत्तर आलं नाही की मला गर्विष्ठ म्हणतात.

एन्ग्रासिया रोज बायका जमवून भिंतीबाहेर बाळासाठी भजनं गाते. पाद्रीबुवांनी वेदीवरून सांगितलं की गावातल्या एका घरात येशू अजून मोठाच होत नाही, अशाने ईस्टर कसा यायचा? मी शेवटी दार उघडलं. बाळाला उठवलं, झबलं घातलं, सगळ्यांनी तमाले खाल्ले. ट्रंक काढली आहे. सुरुवातीला शाळेतल्या कवितांच्या वह्या भरल्या, मग सदरे मावेनात.

टाकी सरकवू नका. मी बारीक आहे.
तुझा दादा

पाचूका, १५ मार्च

ती. दादास,
सा. न.

अबुंदिओ रविवारी ट्रक घेऊन येतो आहे. ट्रंक बांधून ठेव.

तिथे सकाळी कोण कोण येतं रे भिंतीशी? इथे मला कुणी हाक मारत नाही असं नाही, पण जिन्याखालून मारतात, मी उतरेपर्यंत निघून जातात.
दुवी

आपान, शनिवार, २० मार्च

चि. दुवीस,
आशीर्वाद.

उद्या भेटूच, तरी सवयीने लिहितो आहे. दांड्याला फांद्या फुटल्या, कळ्या धरल्या. मकारिओ म्हणतो की कळ्या अंड्यात परतून खाव्या, एवढं मरण वाया कशाला घालवायचं. मी त्याला कळशी देऊन टाकली, एन्ग्रासियाला कोंबड्या. ती रडली, आणि रडता रडता कोंबडा कुठे आहे म्हणून विचारत होती. घराची किल्ली मात्र कुणाच्या हातात देववत नाही.

दार वाजतं आहे. अबुंदिओ एक दिवस आधीच आला वाटतं. बघून येतो.

दुवे! हे मी उभ्याने लिहितो आहे. तू दारात आहेस. मागे बसचा कंडक्टर, त्याच्या डोक्यावर तुझी गादी, तुझ्या काखेत उशी. अबुंदिओला सांगितलंच नाही म्हणतेस, जिना परत चढणार नाही म्हणतेस, आणि पत्र काय लिहितोस, गादीचं दुसरं टोक धर, म्हणून ओरडते आहेस.