शिडीखालचा झरा

आई, परवा मी तळ्यावर जाऊन आले. अकोले तालुक्याच्या डोंगरातलं तेच तळं, मी नववीत असताना तू मला पारनेरहून एसटीने जिथे घेऊन गेली होतीस. तिथलं पाणी देव्हाऱ्यात ठेवायचं तुझ्या फार मनात होतं. पण निम्म्या वाटेत तुझे गुडघे धरले. उंबराखाली टेकलीस आणि तांब्याचा गडू माझ्या हातात दिलास. "तू जा. तू आनलं काय न् मी आनलं काय, एकच हाय."

वळणापलीकडे कड्याला लावलेली लोखंडी शिडी बघितली आणि मी पाय मागेच घेतला. शिडीखाली एक झरा होता. तिथेच गडू भरला, तासभर बसले, तोंडावर पाणी मारलं आणि परत आले. तू गडूला हात जोडलेस. "लई दमली गं माझी बाय," म्हणत एसटीत माझे पाय मांडीवर घेऊन चेपत बसलीस. न चढलेले पाय! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळं कसं हाय, विचारलंस, तर म्हणाले, मोठं.

मेण लावून बंद केलेला तो गडू तुझ्या शेवटच्या दिवशी मीच उघडला. "तळ्याचंच पानी द्या मला," हा तुझा हट्ट. चमचाभर तोंडात घातलं, तू समाधानाने डोळे मिटलेस. चौदा वर्षं झाली गं, अजून डाचतं ते.

म्हणून परवा लेकीला घेऊन गेले. शिडीवर मधेच दांडा धरून थांबले, तर ती खालून ओरडली, "खाली बघू नको, चढ गुमान!" थेट तुझा आवाज. आणि आई, तळं मोठं नाहीच. आपल्या खळ्याएवढं असेल. काठावर बसून पोटभर रडले, ओंजळभर प्याले, बाटली भरून घेतली.

उतरताना उंबराखाली टेकलो. मी बुटातला खडा काढतेय तोवर कार्टीने तहानेच्या भरात तीच बाटली गटागटा रिकामी केली! ओरडणार होते, पण तिचं तोंड बघून हसूच फुटलं. पुन्हा शिडी चढायचं बळ नव्हतं. झऱ्यापर्यंत मात्र गेले.

तुझा गडू भरून आता देव्हाऱ्यात ठेवलाय. लेकीला बजावलंय, कुणी विचारलं तर तळ्याचंच म्हणायचं. "आणि आजीनं विचारलं तर?" आजीला मी सांगते, म्हटलं. हे पाठवायचं कुठे, म्हणून गडूखालीच दुमडून ठेवते. या खेपेला दोन्हींची चव बघितली, आई. खरं सांगू? झऱ्याचंच गोड आहे.